भांड्यांचं दुकान ठेवायचं की विकायचं?

आमच्या घरात आठवड्याच्या बाजाराला दोन नावं. सासूबाई म्हणायच्या ‘संते’, आई म्हणायची ‘बाजार’. ‘संतेला चालले, पिशवी कुठाय?’ असं कानावर पडलं की नातवंडं आपोआप चिरमुऱ्यांच्या आशेनं दारात उभी राहायची. सीमाभागातल्या बहुतेक घरांत हे असंच चालत आलंय. पुढं धाकटी बहीण लांजीला दिली, तेव्हा यादीत तिसरं नाव आलं, ‘हाट’. आणि चौथं तर फारच गमतीचं, ‘मंडई’. पुण्याकडच्या माणसाला मंडई म्हटलं की मेथीच्या जुड्या दिसतात. पण गोंदिया-बालाघाटच्या पट्ट्यात मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. तिथं दंडार होते, नाटक होतं, पाळणे लागतात, लेकी-जावई माहेरी येतात. ‘मंडईला या’ असं आवतण आलं तर पिशवी घेऊन जायचं नसतं, मुक्कामाची तयारी ठेवून जायचं असतं.

हे लांजी कुठं, असं बऱ्याच मंडळींनी मला विचारलंय. मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसिलीचं गाव. महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला अगदी खेटून आहे, आणि जिल्ह्याचा पूर्वेकडचा डोंगराळ भाग ओलांडला की छत्तीसगड. गावात रेल्वे नाही. मुंबई-हावडा मार्गावरचं आमगाव स्टेशन महाराष्ट्रात आहे, पण लांजीकरांना ते स्वतःच्या बालाघाटपेक्षा जवळ पडतं. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर पोवारी आणि डोंगराकडच्या माणसांशी बोलताना गोंडीचे चार शब्द, असा तिथला शिरस्ता. आपल्याकडे जसं मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडात संपतं, तसंच तिथं हिंदीत संपतं.

गाव नवं नव्हे. रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेवाच्या इ.स. १११४ च्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या मुलखांची जी यादी आहे, तीत वैरागर, भाणार यांच्याबरोबर ‘लंजिका’ हे नाव आहे. गोंड राजवटीतला किल्ला आजही गावात आहे, खंदकासकट. तिथंच लंजकाई देवी. थोडं बाहेर कोटेश्वर महादेवाचं जुनं मंदिर, जिथं महाशिवरात्रीला आणि श्रावणात पाय ठेवायला जागा नसते. पुढं हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला, इंग्रजांनी १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा बनवला, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्याच दिवशी आपलं बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. एकाच तारखेला आखलेल्या दोन रेषा. त्या रेषांचं राजकारण या पानावर नको, ते पहिल्या पानावर भरपूर असतं. मला बोलायचंय ते रेषेच्या अलीकडे-पलीकडे फिरणाऱ्या पैशाबद्दल, आणि गावाच्या मधोमध असलेल्या पेठेबद्दल.

बहिणीच्या घरचं भांड्यांचं दुकान आहे, बाजारपेठेच्या रस्त्यावर. तिच्या सासऱ्यांनी भंडाऱ्याहून पितळेची भांडी आणून विकायला सुरुवात केली. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं गाव, हे आपल्याकडच्या जुन्या बायकांनाही ठाऊक असेल. आपण ज्याला घागर नि तपेली म्हणतो, त्याला तिकडे गुंड नि गंज म्हणतात. लग्नसराईत दुकान आहेरानं भरलेलं असायचं, भांड्यावर नावं घालणारा माणूस पायरीवरच बसलेला असायचा. मग स्टील आलं, मग नॉनस्टिक, मग मोबाईलवर घरपोच कुकर. गेल्या उन्हाळ्यात बहिणीचा फोन आला. भाचा म्हणतोय दुकान विकू, गोंदियात काहीतरी करू. बहिणीचे यजमान गप्प. ‘अक्का, तू पेपरात लिहितेस ना, मग सांग. दुकान ठेवायचं की विकायचं?’

पेपरात लिहिणाऱ्याला सगळं कळतं, हा समज माझ्या माहेरात फार जुना आहे.

पण प्रश्न मनात घोळत राहिला. आठ दिवस जाऊन राहिले, आणि दुकानाच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसले. बसल्या बसल्या दिसलं ते असं, की भांडी विकायची की मोबाईल विकायचे हा दुकानाचा प्रश्न नंतरचा. आधी माणसं त्या रस्त्यावर येतात का, आली तर थांबतात का, आणि थांबली तर कुणाचा पैसा घेऊन थांबतात, हे बघायला पाहिजे.

पैसा तिथं प्रामुख्यानं धानाचा. दिवाळीच्या आसपास कापणी, मग खरेदी केंद्रावर नंबर लावायचा, मग खात्यावर रक्कम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पेठेत जीव असतो, पावसाळ्यात दुकानदार माशा मारतात. आणि इथंही सीमा आडवी येतेच. छत्तीसगडनं २०२३-२४ च्या हंगामापासून एकरी २१ क्विंटलपर्यंत ३१०० रुपये क्विंटलनं धान घ्यायला सुरुवात केली. पलीकडच्या शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे, अलीकडच्याच्या हातात कमी, आणि दोघांची शेतं एकाच पावसावर. आपल्याकडे बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या गाड्या डिझेल भरायला कर्नाटकाच्या पंपापर्यंत काटा खाली येऊ देत ओढत आणायचे, त्यातलीच ही गत. सीमेवरचा माणूस हिशेबात पक्का असतो, त्याला असावंच लागतं.

दुसरा पैसा बायकांचा, आणि तो नवा आहे. मध्य प्रदेशात २०२३ च्या जूनपासून लाडली बहनाचे हजार रुपये खात्यात येऊ लागले, पुढं रक्कम वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे गृहलक्ष्मीचे दोन हजार सुरू झाले, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे दीड हजार. या योजनांवर कुणाचं काय मत असायचं ते असो, पण पेठेच्या दृष्टीनं एक गोष्ट खरी आहे. पूर्वी बाजाराची पिशवी बाईच्या हातात आणि पाकीट नवऱ्याच्या खिशात असायचं. आता थोडे का होईना, तिचे म्हणून पैसे आहेत. बहिणीनं सांगितलं, पैसे जमा झाले की त्या आठवड्यात डबे, कढया, लहान पातेली खपतात. मोठी गुंड-परात नाही, तीनशे-चारशेच्या आतली वस्तू. विकत घेणारी एकटी किंवा मैत्रिणीबरोबर आलेली असते, आणि घासाघीस स्वतः करते.

मग ही बाई लांजीच्या पेठेत किती वेळ थांबते? दोन दिवस मी तेच बघत होते. सकाळी दहाला जीपमधून, टेम्पोतून उतरते, दीड-दोन तासांत घाईघाईनं उरकते आणि निघते. कडेवर मूल असलं तर त्याहून आधी. सावली नाही, बसायला कट्टा नाही, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्याबद्दल पुरुष मंडळी कधी बोलत नाहीत, लघवीला जायला जागा नाही. एका बाईनं मला हसत सांगितलं, ‘बाजारचा दिवस असला की सकाळपासून पाणीच पीत नाही.’ हे ऐकून लांजीची नवलाई वाटायचं कारण नाही. आपल्या तालुक्याच्या गावी संतेला येणाऱ्या बाईला विचारा, हेच उत्तर मिळेल. मुंबईसारख्या शहरात २०११ च्या सुमारास बायकांच्या संस्थांना ‘राइट टू पी’ नावानं मोहीम चालवावी लागली, मग छोट्या गावाचं काय?

आता जरा हिशेब करा. जी बाई दोन तासांत निघते ती चार तास थांबली तर काय होईल? चहा पिईल, मुलाला भजी घेईल, शेजारच्या दुकानात साडीला फॉल लावायला टाकेल आणि तोवर भांडी बघेल. पेठेचा धंदा वाढवायच्या योजना आखताना लोक कमानी बांधतात, दिव्यांचे खांब रंगवतात. एक स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह त्यापेक्षा जास्त विक्री देईल, असं माझं साधं गणित आहे. हे काही दयेनं मागायचंही नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना जी कामं नेमून देता येतात त्यांची बारावी अनुसूची जोडली, आणि तीत रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे यांच्याबरोबर सार्वजनिक सोयी हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. घटनेत लिहिलेलं आहे, बायांनो. मागायला लाजू नका.

पेठ सुधारायची म्हटलं की आपल्या डोक्यात तीनच उपाय येतात. रस्ता रुंद करा, व्यापारी संकुल बांधा, नाहीतर आठवडी बाजार गावाबाहेर न्या. तिन्ही मी आयुष्यभर बघत आलेय. रस्ता रुंद केला की दुकानांच्या पायऱ्या जातात, कट्टे जातात, ओट्यावरचा चांभार नि कुलूपवाला जातो, आणि रुंद झालेल्या जागेत सहा महिन्यांत चारचाक्या उभ्या राहतात. रस्ता होता तेवढाच उरतो. व्यापारी संकुलाचं तर विचारूच नका. खालच्या मजल्यावर चार गाळे चालतात, वरच्या मजल्यावर कबुतरं भाडेकरू. चढून वर जाऊन मीठ कोण आणणार? आणि बाजार बाहेर नेण्याची कल्पना ज्यांना सुचते, त्यांना बाजार अडचण वाटतो. बहिणीच्या यजमानांनी जुन्या वह्या काढून दाखवल्या. हाटाच्या एका दिवसाची विक्री इतर तीन दिवसांच्या बरोबरीची. रस्त्यावर बसलेली भाजीवाली त्यांच्या दुकानाची वाट अडवत नाही, गिऱ्हाईक त्यांच्या दारापर्यंत ओढून आणते. हे त्यांनाही वह्या उघडल्यावरच लख्ख दिसलं.

या बाबतीत मला एका म्हाताऱ्या साहेबाची गोष्ट सांगायला फार आवडते. पॅट्रिक गेडीस हे त्याचं नाव. जन्म १८५४ चा, स्कॉटलंडचा, मूळ शिक्षण जीवशास्त्राचं. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढची दहा वर्षं इथल्या गावांतून हिंडत नगररचनेचे अहवाल लिहीत राहिला. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला त्याचा पहिला प्राध्यापकही तोच. त्या काळचे इंग्रज इंजिनियर जुन्या वस्तीत पट्टी ठेवून सरळ रेघ मारायचे आणि रेघेखाली येतील ती घरं पाडायचे. गेडीस म्हणायचा, आधी गल्लीगल्लीतून चाला, बघा, निदान करा, मग हात लावा. एखादं पडकं घर काढलं, एखादा उकिरडा हलवला, एका आडाभोवती फरसबंदी करून झाड लावलं, तर अख्खी आळी मोकळी श्वास घ्यायला लागते. अवयव न कापता जपून केलेली शस्त्रक्रिया म्हणा. आणि खर्च किती कमी!

याच गेडीसला होळकरांच्या इंदूर दरबारानं बोलावलं. म्हणजे गोष्ट मराठी राज्यातली, आणि आजच्या मध्य प्रदेशातली. गावात प्लेगची दहशत होती. हा दाढीवाला साहेब नकाशे घेऊन गल्ल्यांतून फिरतो, बोट दाखवतो, याचा अर्थ आता घरं पाडणार, असं लोकांनी धरलं. बायका मुलांना घरात ओढून घ्यायच्या. साहेबाच्या हे लक्षात आलं. तो दरबाराला म्हणाला, मला एका दिवसाचा महाराजा करा. आणि दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गानं जाणार नाही. ज्या रस्त्यावरच्या लोकांनी घरं जास्त झाडून-पुसून दुरुस्त केली असतील, त्या रस्त्यानं जाईल. कचरा फुकट उचलून नेण्याची सोय केली. मग काय, गावात झाडलोटीची चढाओढ लागली. मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच, पण प्लेगच्या उंदराचा भलाथोरला पुतळा होता, घाणीच्या राक्षसाचा पुतळा होता, आणि सफाई कामगार पांढरेशुभ्र कपडे घालून, झाडूंना फुलं बांधून मानानं चालत होते. शेवटी राक्षस जाळला. त्यानंतर लोक साहेबाला हाक मारून आपलं अंगण दाखवायला लागले. १९१८ मध्ये त्याचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत निघाला, नगररचना शिकणारी मुलं तो अजून वाचतात.

यात मला भावतं ते हे, की त्यानं लोकांच्याच सणाचा उपयोग केला. लांजीत दिवाळीनंतर मंडई आहे, कोटेश्वराची यात्रा आहे. आपल्याकडे गणपती आहेत, शिवजयंतीचा चित्ररथ आहे. मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाईल यावरून आपण भांडतो, हे खरं. ते भांडण एक वर्ष झाडूवर सोडवून बघायला काय हरकत आहे?

जवळचं उदाहरण हवं तर कोल्हापूर आहेच. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, व्यापाऱ्यांना जागा दिल्या, सवलती दिल्या, आणि गुळाचा बाजार तिथं उभा राहिला. महाराजांनी नुसती बाजाराची इमारत बांधली असती आणि गूळ दुसरीकडेच जात राहिला असता तर? त्यांनी आधी मुलखात काय पिकतं ते पाहिलं. लांजीच्या पेठेला हे जसंच्या तसं लागू आहे. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिजताना घरभर वास दरवळतो असा तो तांदूळ. पण कोटेश्वराला आलेल्या यात्रेकरूला तो नाव लिहिलेल्या पिशवीत, खात्रीचा, पेठेत पाचशे पावलांच्या आत सहज मिळायला हवा, किल्ला बघायला आलेल्या शाळेच्या सहलीला पेठेतून चालत जावंसं वाटायला हवं. आम्ही येताना पाच किलो आणला, तो बहिणीच्या ओळखीच्या घरातून. ओळख नसलेल्या माणसानं काय करायचं?

गोव्यातलं म्हापसा तर आपल्याला तोंडपाठ. बेळगावची भाजी तिकडे जाते, आणि शुक्रवारचा बाजार बघायला देशोदेशीचे पाहुणे येतात. तिथं कुणी आठवडी बाजाराला गावाची अडचण मानलं नाही. केळी, चोरीस सॉसेज, मडकी, फुलं यांच्या जागा ठरलेल्या, आणि गावकऱ्याच्या अंगवळणी पडलेल्या.

रस्त्यावर बसणाऱ्यांची गोष्ट निघालीच आहे तर एक कायदा सांगून ठेवते, कारण तो विकणाऱ्यांना ठाऊक नसतो आणि ज्यांना ठाऊक असतो ते सांगत नाहीत. २०१४ चा पथविक्रेता कायदा. प्रत्येक गावात पथविक्रेत्यांची समिती हवी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. दर पाच वर्षांनी निदान एकदा मोजणी व्हायला हवी, आणि मोजणी होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या जिथं बाजार भरतो त्या जागेला कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ म्हटलंय आणि तिचा विचार करूनच आखणी करायची आहे. २०२० च्या जूनमध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेत पहिलं कर्ज दहा हजारांचं मिळायचं, २०२५ मध्ये ते पंधरा हजारांचं झालं. लांजीच्या पेठेत मी तिघींना विचारलं. कर्जाचं दोघींना माहीत होतं, समितीचं एकीलाही नाही. मग आपल्या गावी परतल्यावर मुद्दाम भाजी घेताना विचारलं, मराठीत आणि कन्नडात. इथंही तसंच.

गाड्यांचा प्रश्न मात्र खरंच अवघड आहे, तिथं मी भाच्याच्या बाजूची. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला गाडी दारात लावता आली नाही तर तो गोंदियाला जातो. बरोबर आहे. पण एक चारचाकी जेवढी जागा खाते, तेवढ्यात सात-आठ दुचाकी लागतात किंवा पाच-सहा भाजीवाल्या बसतात. आणि दारात लावलेल्या चारचाकीपैकी कितीक दुकानदारांच्या स्वतःच्याच असतात, हे एकदा मोजावं. (मोजलं. त्या ओळीत अर्ध्याहून जास्त!) पुण्यात २०२१ पासून दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन पाळतात. लक्ष्मी रस्त्यावरचं दुकान म्हणजे काय, ते सोन्या-साडीची खरेदी केलेल्यांना सांगायला नको. कोपनहेगनमध्ये १९६२ साली मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा तिथले व्यापारीही चिडले होते, आज तो रस्ता जगभरचे लोक चालायला म्हणून बघायला येतात. लांजीला कोपनहेगन करा असं मी म्हणत नाही. पण आठवड्यातला एक दिवस, हाटाचा, सकाळी नऊ ते चार, दुकानदारांनी आपल्या गाड्या शाळेच्या मागं किंवा किल्ल्याच्या बाजूच्या मोकळ्या जागी लावल्या तर पैसा लागत नाही, ठराव लागत नाही, नुसता आपसातला होकार लागतो.

बसची बाब आपल्यापेक्षा तिथं कठीण. मध्य प्रदेशानं २००५ च्या सुमारास आपलं परिवहन महामंडळच गुंडाळलं, तेव्हापासून खासगी बस, जीप आणि नशीब. आपल्याकडे २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट आहे, महाराष्ट्रात त्याच वर्षीच्या मार्चपासून निम्मं तिकीट. याचा पेठेवर परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. खेड्यातली बाई तालुक्याला सहज येते, पण तालुक्याची बाईही तितक्याच सहज बेळगावला जाते. खडेबाजार, गणपत गल्ली भरून वाहतात आणि छोट्या पेठेतला कापडवाला हात हलवत बसतो. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव होतं, तेव्हा मोठ्या शहरांच्या रस्त्यांसाठी योजना निघाली. लांजी, निपाणी, संकेश्वर यांच्या पेठांसाठी दिल्लीहून कुणी येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही.

निघायच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर बैठक बसली. मी, बहीण, तिचे यजमान आणि भाचा. मी म्हटलं, विकायचं असेल तर विका, पण हिशेब करून विका. भाचा एवढंच म्हणाला, ‘मावशी, तुम्ही चार दिवसांनी जाल. मला इथं तीस वर्षं काढायची आहेत.’ याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. तो काही आळशी मुलगा नाही. त्याच्या वयाची दहा मुलं पुण्या-नागपूरला गेलीत, संध्याकाळी सात वाजता पेठेत दिवे मालवले की त्याला बोलायला माणूस उरत नाही. पेठेवरच्या वरच्या मजल्यांत पूर्वी कुटुंबं राहायची, आता तिथं गोदामं आहेत. माणसं राहिनाशी झाली की रस्ता लवकर झोपतो, आणि लवकर झोपणाऱ्या रस्त्यावर तरुण मुलगा कशाला थांबेल? त्याच्या काळजीचं हे मूळ मला त्या रात्री कळलं, बहिणीला बहुतेक आधीपासून ठाऊक असावं.

शेवटी ठरलं ते इतकंच. पुढच्या दिवाळीपर्यंत दुकान ठेवायचं. पुढचा अर्धा भाग भाच्याला, त्यानं त्याला हवा तो माल भरावा. मोठी गुंड-परात मागे, आणि लग्नाच्या पंगतीसाठी ती भाड्यानं द्यायची, कारण विकत घेणारे कमी झाले तरी पंगती काही थांबलेल्या नाहीत. वरच्या दोन खोल्यांतलं रिकामं खोक्यांचं सामान काढून एखाद्या शिक्षकाच्या कुटुंबाला भाड्यानं द्यायच्या. आणि शेजारच्या सात-आठ दुकानांतल्या बायकांनी मिळून नगर परिषदेत एक अर्ज द्यायचा, तीनच मागण्यांचा. हाटाच्या रस्त्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, आणि पथविक्रेता समिती असेल तर तिची यादी. अर्जाचा मसुदा भाच्यानं लिहिला, हिंदीत. बहिणीनं तो मला मराठीत वाचून दाखवला, आणि ‘सार्वजनिक सोयी’ या शब्दांखाली मी रेघ मारून दिली.

गेल्या आठवड्यात फोन झाला. अर्जाची पोच मिळालीय, पुढचं काही नाही. वरच्या खोल्या गेल्या भाड्यानं. आणि बहीण म्हणाली, ‘अक्का, त्यांचं स्वच्छतागृह होईल तेव्हा होईल. हाटाच्या दिवशी दुकानामागचं आमचं उघडं ठेवलंय. किल्ली गल्ल्यापाशी खिळ्याला लावलीय. पहिल्या दिवशी चौदा जणी येऊन गेल्या, त्यातल्या पाच जणी भांडी बघत बसल्या.’